मशीन जुनं आहे, म्हणजे नेमकं काय जुनं आहे?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तिकडे मंडळाच्या कार्यक्रमात जेवणं उरकली की अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघतो. एक काका म्हणतात, मशीनं जुनाट झालीत, निकाल खरा कसा मानायचा? एक मावशी म्हणतात, एवढ्या प्रगत देशात मशीनं चुकतील कशी? आणि तुझं शिक्षण संगणकाचं, म्हणून सगळे तुझ्या तोंडाकडे बघतात. काय बोलावं कळत नाही, असं तू लिहिलंस. त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण या विषयात अर्धवट माहितीवर ठाम बोलणारे फार झालेत आणि त्याचं नुकसान खरं आहे.

वाद सुरू झाला की आधी विचार, कुठलं मशीन? मतदान केंद्रावर मतदाराचं नाव शोधायचा टॅबलेट वेगळा, मतपत्रिकेवर खूण करून देणारं टचस्क्रीन वेगळं, मतपत्रिका वाचणारा स्कॅनर वेगळा. काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, कार्यालयात मतपत्रिकेचा आराखडा करणारा आणि शेवटी बेरजा करणारा संगणक तर अजून वेगळा. टॅबलेट बंद पडला तर रांग वाढते, मतं बदलत नाहीत. स्कॅनर अडला तर मतपत्रिका कुलूपबंद पेटीत टाकून नंतर मोजता येतात. बेरजेच्या संगणकात घोळ झाला तर आकडे चुकतात, पण कागद शाबूत राहतो. शिवाय देशभर एकच यंत्रणा नाही. सुमारे १० हजार स्थानिक कार्यालयं या निवडणुका चालवतात आणि खरेदीचे निर्णय राज्याराज्यांत, काउंट्यांत होतात. त्यामुळे कुणी 'अमेरिकेची मशीनं' असं म्हणालं की काउंटीचं नाव विचारायचं. व्हेरिफाइड व्होटिंग या संस्थेने संकेतस्थळावर नकाशा ठेवला आहे. काउंटी निवडली की कंपनी, मॉडेल आणि कागद आहे की नाही हे दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, ते केल्याशिवाय बोलू नकोस.

आता फ्लोरिडा राज्य, २००० ची अध्यक्षीय निवडणूक. सुमारे ६० लाख मतांत रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट गोर यांच्या ५३७ मतांनी पुढे, असा निकाल जाहीर झाला. तिथल्या बऱ्याच काउंट्यांत व्होटोमॅटिक पद्धत होती. अर्धवट कापलेल्या चौकोनांचं पंचकार्ड साच्यात सरकवायचं आणि टोच्याने उमेदवारासमोरचा चौकोन आरपार पाडायचा. ही पद्धत पहिल्यांदा १९६४ साली जॉर्जियात वापरली गेली होती. दोष कुठे होता ते नीट समजून घे. कार्डाखाली रबराच्या पट्ट्या असत. त्या कडक झाल्या की टोच्या पुरता आत जात नसे. खालच्या कप्प्यात आधीच्या निवडणुकांचे तुकडे साचलेले असत. कप्पा वेळेवर रिकामा केला नाही तर नव्या तुकड्याला पडायला जागाच नाही. मग चौकोन एका कोपऱ्यावर लोंबकळत राहायचा किंवा त्याला नुसता पोचा यायचा, आणि वाचणारं मशीन तिथे मतच नाही असं धरायचं. म्हणजे बिघाड साफसफाईचा आणि रबराचा होता. संगणकाचा त्यात संबंध फार थोडा.

त्याच निवडणुकीत पाम बीच काउंटीत मतपत्रिकेची मांडणी समोरासमोरच्या दोन पानांवर होती आणि भोकं मधोमध. डाव्या पानावर गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्युकॅनन या तिसऱ्याच उमेदवाराचं. १९ हजारांहून जास्त कार्डांवर अध्यक्षपदासाठी एकाहून अधिक भोकं पडली आणि ती मतं बाद झाली. हा मांडणीचा दोष. कोरं करकरीत मशीन आणलं असतं तरी तो तसाच राहिला असता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. लोंबकळता तुकडा मत मानायचा की नाही, याचा एकसारखा नियम राज्यात नव्हता. कायदा 'मतदाराचा हेतू' पाहा म्हणत होता, आणि हेतू कसा ओळखायचा हे प्रत्येक काउंटी आपापलं ठरवत होती. १२ डिसेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली त्यामागे हेच मोठं कारण होतं. त्यामुळे 'जुन्या मशीनमुळे फ्लोरिडा घडलं' असं कुणी म्हणालं, तर तीन कारणं वेगळी करून सांग: देखभाल, मांडणी, नियम. मशीन बदलून त्यातलं एकच कारण जातं.

मतदानाच्याच रात्री फ्लोरिडातल्या व्होलुशिया काउंटीत एका केंद्राच्या मेमरी कार्डवरून गोर यांच्या खात्यात उणे १६,०२२ मतं चढली. ती स्कॅनरची पद्धत होती, पंचकार्डापेक्षा कितीतरी नवी. आकडा उणे असल्यामुळे चूक डोळ्यांत भरली आणि दुरुस्त झाली. तो अधिक असता आणि बेताचा असता, तर पकडायला कागदी मतपत्रिकाच लागल्या असत्या. त्या तिथे होत्या.

पुढे २९ ऑक्टोबर २००२ रोजी 'हेल्प अमेरिका व्होट ॲक्ट'वर सही झाली. पंचकार्डं आणि तरफेची जुनी यंत्रं काढायला, नवी घ्यायला तीन अब्जांहून जास्त डॉलर मिळाले. नवे नियम २००६ च्या सुरुवातीला लागू होणार होते, त्यामुळे घाईघाईत सगळ्यांची खरेदी जवळपास एकाच वेळी झाली. साहजिकच ती सगळी मशीनं एकाच वेळी म्हातारी झाली. ब्रेनन सेंटर या अभ्याससंस्थेने २०१५ मध्ये मांडलं होतं की २०१६ च्या निवडणुकीत ४३ राज्यांत दहा वर्षांची किंवा त्याहून जुनी मशीनं असतील. काही कार्यालयं सुटे भाग ईबेवर शोधत होती, कारण कंपन्यांनी ते बनवणं बंद केलं होतं. माझं स्पष्ट मत आहे की घबराटीत केलेली एकगठ्ठा खरेदी ही त्या काळची सर्वांत महाग चूक होती.

त्या लाटेत अनेक ठिकाणी कागदाशिवायची टचस्क्रीनं आली. कागद नसण्याची किंमत नॉर्थ कॅरोलायनातल्या कार्टरेट काउंटीत २००४ सालीच कळली होती. मुदतपूर्व मतदानाच्या मशीनमध्ये ३,००५ मतांपुरतीच जागा होती. जागा संपल्यावरही मशीन मतदारांना मत देऊ देत होतं, साठवत मात्र नव्हतं. ४,४३८ मतं गेली ती गेली. कुठल्याही न्यायालयाला, कुठल्याही तज्ज्ञाला ती परत आणता येण्यासारखी नव्हती.

आता दोन मशीनं शेजारी ठेव. व्हर्जिनियातलं विनव्होट विंडोज एक्सपीच्या एम्बेडेड आवृत्तीवर चाले, वायफायने जोडलेलं असे, २००४ नंतर त्याला सुरक्षेचे अपडेट मिळालेच नव्हते आणि वायफायचा पासवर्ड 'एबीसीडीई' असा होता. २००४, २००८ आणि २०१२ या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत ते वापरलं गेलं. एप्रिल २०१५ मध्ये राज्याने ते रद्द केलं. दुसरं, सिक्वोया कंपनीचं एव्हीसी ॲडव्हांटेज. त्यात झेड८० प्रोसेसर, म्हणजे १९७६ साली बाजारात आलेली चिप. इंटरनेटवरून त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नाही. पण आतली, प्रोग्राम साठवणारी रॉम चिप उपटून दुसरी बसवली तर ते मुकाट्याने वेगळं मोजेल. प्रिन्स्टन विद्यापीठाचे संगणकतज्ज्ञ अँड्र्यू ॲपल यांनी २००७ मध्ये सरकारी मालाच्या लिलावातून अशी पाच मशीनं मिळून ८२ डॉलरला घेतली आणि चिप बदलायला काही मिनिटं पुरतात हे दाखवलं. विनव्होट वयाने लहान आणि दुरून फोडता येणारं, ॲडव्हांटेज म्हातारं आणि जवळ जाऊन फोडावं लागणारं. कागद दोघांतही नाही, हे त्यांचं खरं दुखणं. लुइझियानात २०२४ च्या निवडणुकीच्या दिवशीही हे ॲडव्हांटेज वापरात होतं. काकांना चिंता करायचीच असेल तर तिथली करू दे.

विंडोजचा मुद्दा तुझ्याकडे हमखास येणार. काउंटीच्या कार्यालयातले बेरजेचे संगणक बरेचसे विंडोजवर चालतात. १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा आधार संपला, तेव्हा त्या वर्षाच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी प्रमाणित यंत्रणांना मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचे अपडेट मोफत दिले. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण एलटीएससी २०१९ या दीर्घकालीन आवृत्तीला जानेवारी २०२९ पर्यंत तो आहे. म्हणून नुसतं 'विंडोज १०' ऐकून निष्कर्ष काढू नकोस, आवृत्ती विचार. अपडेट का रखडतात तेही सांगता आलं पाहिजे: यंत्रणेतला बदल परत तपासून मान्य करून घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ व पैसा दोन्ही लागतात. म्हणूनच हे संगणक नेटवर्कपासून तोडलेले असायला हवेत. विचारायचं ते हे: यात फाइल कशाने येते, तो यूएसबी कोरा आणि सीलबंद पाकिटातला असतो का, तो परत वापरतात का?

२०२० ची दोन उदाहरणं मात्र तोंडपाठ ठेव. मिशिगनमधल्या अँट्रिम काउंटीत पहिल्या रात्री बायडेन सुमारे तीन हजारांनी पुढे दिसले, आणि काउंटी तर पक्की रिपब्लिकन. झालं असं की ऑक्टोबरमध्ये काही टाउनशिपच्या, म्हणजे काउंटीतल्या छोट्या भागांच्या, मतपत्रिकेत बदल झाला. त्यामुळे आराखड्यातले अंतर्गत क्रमांक सरकले, पण सगळ्या स्कॅनरची मेमरी कार्डं नव्याने भरली नाहीत. स्कॅनरने मतं बरोबर मोजली, बेरजेच्या संगणकाने ती चुकीच्या नावापुढे मांडली. डिसेंबरमध्ये अध्यक्षपदाची सगळी मतं हाताने मोजली, तेव्हा ट्रम्प यांची आघाडी दुरुस्त निकालापेक्षा अवघ्या १२ मतांनी बदलली. जॉर्जियात सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या. त्या मोजणीत फ्लॉइड काउंटीत सुमारे २,६०० न मोजलेल्या मतपत्रिका सापडल्या, फेयेट काउंटीत एका न चढवलेल्या मेमरी कार्डावर २,७५५ मतं निघाली. ती ट्रम्प यांच्या बाजूने जास्त झुकलेली होती आणि ती मोजलीही गेली. शेवटी बायडेन यांची आघाडी ११,७७९ राहिली. काकांना सांग, चूक खरोखर झाली होती. मावशींनाही तेच सांग. आणि दोघांना सांग की ती सापडली कारण कागद होता आणि कुणीतरी बसून तो मोजला.

दर वेळी सगळं हाताने मोजावं लागत नाही. कोलोरॅडोने २०१७ पासून राज्यभर जोखीम-मर्यादित ऑडिट सुरू केलं, म्हणजे मोजक्या मतपत्रिका हाताने तपासून निकाल पडताळायचा. दहा बाजूंचे फासे लोकांसमोर टाकून वीस आकडी संख्या मिळवतात, त्या संख्येवरून कुठल्या मतपत्रिका तपासायच्या ते ठरतं. नमुना किती लागतो हे एकूण मतांवर फारसं अवलंबून नसतं, दोघांतल्या फरकावर असतं. जोखीम-मर्यादा, म्हणजे चुकीचा निकाल ऑडिटमधून निसटण्याची कमाल शक्यता, ५ टक्के धरली, फरक ५ टक्के असला आणि एकेक मतपत्रिका मशीनच्या नोंदीशी ताडली, तर विसंगती न सापडल्यास सव्वाशेच्या आसपास मतपत्रिका पुरतात. फरक अर्धा टक्का असला की साडेबाराशेच्या घरात जावं लागतं. हे सगळं मुदतीत बसवायचं असतं. २०२४ मध्ये मतदान ५ नोव्हेंबरला होतं आणि राज्यांनी इलेक्टर्सची, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची, प्रमाणपत्रं ११ डिसेंबरपर्यंत द्यायची होती. पाच आठवडे म्हणजे फार नाहीत, म्हणून ऑडिटची तयारी मतदानाआधीच झालेली असावी लागते.

आता तू करायचं काम. मतदानाच्या काही दिवस किंवा आठवडे आधी काउंटी मशीनची चाचणी घेते. तिला लॉजिक अँड ॲक्युरसी टेस्ट म्हणतात आणि बहुतेक राज्यांत ती लोकांना खुली असते. बघायला नागरिकत्व लागत नाही. तारीख काउंटीच्या नोटिशीत येते. जाऊन बस आणि हे बघ. आधी शून्याची टेप, म्हणजे सगळे आकडे शून्य दाखवणारी छापील पट्टी, निघते का. चाचणीच्या मतपत्रिकांत प्रत्येक उमेदवाराला वेगळा आकडा आहे का: एकाला ३, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ८. सगळ्यांना सारखीच मतं दिली असतील तर दोन नावांची अदलाबदल झाली तरी बेरीज जुळते आणि चाचणी फुकट जाते. कोरी मतपत्रिका, दोघांना खूण केलेली मतपत्रिका, फिकट खुणेची मतपत्रिका टाकतात का. आकडे नुसते स्कॅनरच्या टेपवर जुळवतात की बेरजेच्या संगणकापर्यंत नेऊन जुळवतात. अँट्रिमची चूक या दुसऱ्या टप्प्यात पकडली गेली असती. शेवटी परत शून्य, आणि सीलचे क्रमांक लिहून सही.

जुन्या हार्डवेअरची लक्षणंही तिथेच दिसतात. स्कॅनरच्या काचेवर धूळ असली की कागदावर उभी रेघ उमटल्यासारखं वाचलं जातं आणि भलतीच खूण धरली जाते. रोलरचं रबर गुळगुळीत झालं की दोन कागद एकत्र ओढले जातात. जुन्या टचस्क्रीनचं कॅलिब्रेशन सरकलं की एका नावावर बोट ठेवावं आणि शेजारचं उजळावं असं होतं. त्याचे व्हिडिओ दर निवडणुकीत फिरतात. त्यात डाव असतोच असं नाही, पण ते मशीन त्या क्षणी बंद करायला हवं हे नक्की. शाई पाठीमागे उमटते म्हणून मत बाद होतं, हा २०२० मध्ये ॲरिझोनात उठलेला गलका मात्र सोडून दे. तिथल्या मतपत्रिकेच्या दोन्ही बाजूंचे रकाने मुद्दाम एकमेकांपासून सरकवलेले असतात.

एक सावधगिरी. मंडळात कुणीतरी लगेच आपल्या ईव्हीएमवर येईल. दोन्ही पद्धतींचे युक्तिवाद एकमेकांत मिसळू देऊ नकोस. तिकडे बहुतेक ठिकाणी मतदार कागदावर खूण करतो आणि तोच कागद मोजला जातो. इथे मतदार बटण दाबतो, व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड दिसते आणि लोकसभेला प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या ताडून बघतात. प्रश्न निराळे, उत्तरंही निराळी. आणि आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक तर पसंतीक्रमाने, कागदावर, आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच होते.

तुझ्या काउंटीचं नाव आणि तिथल्या मशीनचं मॉडेल कळव. चाचणीची नोटीस सापडली तर तीही पाठव. त्या मॉडेलच्या चाचणीत नेमकं कुठे डोळा ठेवायचा ते पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा,
काका