बातमी एकटीची ठेवू नका

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षं वार्ताहर म्हणून काम करते. सध्या ती एका कंत्राटातल्या गैरव्यवहारावर मालिका लिहिते आहे. पहिला भाग छापून आल्यापासून अनोळखी नंबरवरून फोन येतात. परवा तर समोरच्यानं तिची घरी यायची वेळ बरोब्बर सांगितली. ती म्हणते, ‘आई, असं चालायचंच.’ हे काम सोड, असं तिला सांगू का?
— एक आई

उत्तर : ‘चालायचंच’ हा शब्द एकदा माझ्याही तोंडून गेला आहे. मी उपसंपादक होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सलग तीन रात्री धमकीचा फोन आला. रिसीव्हर ठेवला की तो पेनाचं टोपण लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. मी म्हणाले, ‘गर्जेल तो पडेल काय! मनावर घेऊ नकोस.’ चौथ्या दिवशी त्याला रस्त्यात गाठून मारलं, हात मोडला. पोलिसांनी विचारलं, फोन किती वाजता आले, नेमकं काय बोलले? आमच्यापैकी कुणीही एक ओळ लिहून ठेवली नव्हती. ते अजून सलतं.

म्हणून मुलीला आजच एक वही घालायला सांगा. तारीख, वेळ, नंबर आणि शब्द जसेच्या तसे, शिवीसुद्धा. मेसेज पुसायचे नाहीत. वेळ सांगणारा फोन शिवीगाळीपेक्षा गंभीर आहे, कारण कुणीतरी पाळत ठेवून आहे. लेखी तक्रार करा आणि पोच हातात घेतल्याशिवाय उठू नका. तक्रारीला संपादक सोबत हवेतच. मुलगी एकटी गेली तर ते तिचं खासगी भांडण ठरवलं जातं.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘सोड’ म्हणू नका, ‘एकटी करू नकोस’ म्हणा. धमकी देणाऱ्याचा हिशेब साधा असतो : ही गप्प बसली की विषय मिटला. तो हिशेब चुकवता येतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात डॉन बोल्स या पत्रकाराला माहिती देतो म्हणून एका हॉटेलात बोलावलं. बोलावणारा आलाच नाही. बोल्स परत गाडीत बसले आणि गाडीखालचा बॉम्ब फुटला. अकरा दिवसांनी ते गेले. त्यानंतर ठिकठिकाणच्या वर्तमानपत्रांतले अडतीस पत्रकार तिथं जमले आणि त्या राज्यातल्या भ्रष्टाचाराचा शोध त्यांनी पुढे नेला. १९७७ मध्ये ती मालिका छापून आली. माल्टात १६ ऑक्टोबर २०१७ रोजी पत्रकार डॅफ्नी कारुआना गलिझिया यांचाही गाडीतल्या बॉम्बनं खून झाला. सहाच महिन्यांत अठरा माध्यमसंस्थांनी त्यांचं अर्धवट राहिलेलं काम छापायला घेतलं. ‘फॉरबिडन स्टोरीज’ या संस्थेनं हे जुळवून आणलं. धोक्यात असलेल्या पत्रकारांची कागदपत्रं ती सुरक्षित सांभाळूनही ठेवते.

तुमच्या मुलीनं कागदपत्रांची एक प्रत संपादकांकडे आणि एक कार्यालयाबाहेरच्या विश्वासू पत्रकाराकडे द्यावी. पुढच्या भागांवर आणखी एक नाव घालावं, जमलं तर दोन. अनोळखी माणसाला भेटायला जाताना ‘अमुक वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर शोधायला निघ’ असं कुणालातरी बजावून जावं. तो ‘कुणीतरी’ तुम्ही होऊ नका. आईच्या जिवाला तो घोर नको. हे काम डेस्कचं, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या हाताळणाऱ्या सहकाऱ्यांचं आहे.

प्रश्न : बातमी कुणी फोडली ते सांग, प्रकरण मिटवतो, असं एक अधिकारी म्हणतात. फोनही ‘नुसता बघायला’ मागतात.
— एक वार्ताहर

उत्तर : नाव सांगू नका. ब्रिटनमध्ये बिल गुडविन या नवशिक्या पत्रकारानं सूत्राचं नाव सांगायला नकार दिला, तेव्हा त्याला पाच हजार पौंडांचा दंड झाला. १९९६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं निकाल त्याच्या बाजूनं दिला. सूत्राला संरक्षण नसेल तर लोक माहिती घेऊन पत्रकारांकडे यायचेच थांबतील, हे त्या निकालाचं सार आहे. मात्र कायदा सगळीकडे सारखा नाही. फोन तोंडी मागितला तर नम्रपणे नाही म्हणा, लेखी आदेश मागा आणि आधी वकिलाला गाठा. बोटाचा ठसा लावून उघडणारं कुलूप आज काढून टाका, लांब पासवर्ड ठेवा. सूत्राचं नाव फोनमध्ये असूच नये.

प्रश्न : आम्ही साधे वाचक. आम्ही काय करणार?
— एक वाचक

उत्तर : २ नोव्हेंबर २०१३ रोजी मालीमध्ये दोन फ्रेंच रेडिओ पत्रकारांना पळवून नेऊन मारलं. पत्रकारांवरच्या गुन्ह्यांना शिक्षा व्हावी म्हणून संयुक्त राष्ट्रांनी हाच दिवस पाळायचं ठरवलं. पण अशा खुनांपैकी बहुतेकांत आजही कुणाला शिक्षा होत नाही. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी पत्रांचा ढीग येतो, सहा महिन्यांनी एकही नाही. तुम्ही सहाव्या महिन्यात लिहा. ‘त्या खटल्याची पुढची तारीख कधी आहे?’ एवढंच विचारा. आम्हाला उत्तर शोधायला न्यायालयात जावंच लागेल.