नव्या चालकाला: आधी झोप सांभाळ

भावा, पहिली रातराणी (रात्रभर धावणारी बस) मिळाली, अभिनंदन! घाटात हात बसेल हळूहळू, त्याची धास्ती नको. आधी झोप सांभाळ.

नवी पोरं चार पैसे जास्त मिळतात म्हणून डबल ड्युटी ओढतात आणि चहा-तंबाखूवर रात्र काढतात. चहाने झोप लांबणीवर पडते, जात नाही. पहाटे 3 ते 5 सगळ्यात वाईट. एकदा माझे डोळे उघडेच होते, पण मागे गेलेला पूल काही केल्या आठवेना. तिथेच गाडी कडेला घेतली, वाहकाला सांगितलं, तोंडावर पाणी मारलं आणि पंधरा मिनिटं डोळे मिटले. गाडी उशिरा पोहोचली. पोहोचू दे!

एवढं कर:
- मुक्कामी गाडीला मच्छरदाणी आणि चादर स्वतःची ने.
- निघण्याआधी पोटभर भात नको.
- 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात सलग 5 तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. विश्रांती मागताना लाजू नकोस.
- डुलकी लागतेय हे वाहकापासून लपवू नकोस.

कंबरदुखीचं नंतर बोलू.