गाडी लावली तिथे गळ टाकू नका

या वेळच्या पत्रांत अमेरिकेतल्या टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातल्या ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाविषयी बरेच प्रश्न आहेत. त्यांतले निवडक पुढे देत आहोत.

प्रश्न (अटलांटा): लिटल रिव्हरच्या कडेने गाडी नेली तर प्रत्येक वळणावर कुणीतरी गळ टाकून उभा असतो. दहाच्या सुमाराला गाडी लावायलाही जागा उरत नाही. माणसं नसलेलं पाणी शोधायचं कसं?

उत्तर: उद्यानात सुमारे २,९०० मैल लांबीचे ओढे-नद्या आहेत. त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्यात ट्राउट आहे, म्हणजे पाच-सहाशे मैल पाणी. वर्षाला एक कोटीहून जास्त माणसं येतात तरी गर्दी होते ती डांबरी रस्त्याला लागून वाहणाऱ्या मोजक्या मैलांवर. त्यामुळे ओढ्याचं नाव शोधत बसण्यापेक्षा तो रस्त्यापासून कुठे सुटतो ते शोधा.

हे काम घरीच नकाशावर करायचं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा समोच्च रेषांचा नकाशा घ्या, त्यातल्या बहुतेक पत्रकांवर दोन रेषांमध्ये ४० फुटांचा फरक असतो. अर्ध्या मैलात ओढा किती रेषा ओलांडतो ते मोजा. दोन-तीन रेषा असतील तर पाणी संथ, लांब डोहांचं आणि खळाळांचं. पाच-सहा असतील तर धोंड्यांमधून पायरी-पायरीने उतरणारं, प्रत्येक पायरीखाली लहान डोह. मासेमारीला हे उत्तम. दहाच्या वर गेलात तर धबधबे चढण्यात दिवस जाईल. मग पायवाट बघा. वाट ओढ्याला चिकटून जाते तिथे लोक असणारच. पण बऱ्याच वाटा मध्येच डोंगराच्या अंगाला चढतात आणि मैलभराने पुन्हा ओढ्यावर येतात. मधला तो तुकडा बहुतेक जण सोडून देतात. वाट ओढ्यापासून सुटते तिथे पाण्यात उतरायचं, वर सरकत जायचं आणि वाट पुन्हा भेटते तिथे बाहेर पडायचं.

यात मेख वेळेची आहे. लहान ओढ्यात नीट मासेमारी करत चढायचं तर तासाला पाव ते तिसरा हिस्सा मैल, त्याहून जास्त होत नाही. म्हणजे मैलाच्या तुकड्याला तीन-चार तास. मध्येच बाहेर पडू म्हणाल तर काठावरची ऱ्होडोडेंड्रॉनची जाळी हातभरही वाट देत नाही. दुपारी तीनला असा तुकडा सुरू करणारा माणूस अंधारात ओढ्यातूनच परत येतो. सकाळीच उतरा. फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या.

आता नावं. एल्कमाँटच्या वरची लिटल रिव्हरची वाट जुन्या लाकूडतोडीच्या रेल्वेमार्गावरून जाते, चढ सौम्य आहे. २.४ मैलांवर ककंबर गॅपचा फाटा लागतो. फिरायला येणारे बरेच जण तिथून वळतात, तुमचं पाणी त्याच्या पुढे. मे अखेर ते जूनमध्ये काही दिवस तिथे एका तालात लुकलुकणारे काजवे बघायला झुंबड उडते. तेव्हा संध्याकाळी लॉटरीत पास लागलेल्या गाड्यांनाच आत सोडतात, तारखा आधी बघून ठेवा. नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला स्मोकमाँटच्या तंबूतळापासून ब्रॅडली फोर्क. चॅस्टीन क्रीकच्या संगमापर्यंत माणसं भेटतील, नंतर विरळ होत जातात. ट्रेमाँटच्या वर लिन कॅम्प प्राँग आहे. तिथे बाहेरून आणून सोडलेला ट्राउट काढून मूळचा ब्रूक ट्राउट परत वसवला आणि २०१५मध्ये तो ओढा मासेमारीला खुला झाला.

पार्किंगचं म्हणाल तर उद्यानात प्रवेशशुल्क नाही, पण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी थांबवायची तर टॅग लागतो. दिवसाचे ५, आठवड्याचे १५, वर्षाचे ४० डॉलर. आखून दिलेल्या जागेबाहेर गाडी लावू नका. जुलै आणि पानं रंगतात तो ऑक्टोबर हे दोन महिने जागा मिळवायला सर्वांत अवघड. तेव्हा उजाडायच्या आत पोहोचणं हा एकच इलाज.

प्रश्न (शार्लट): तीन मैल चाललो, दिवसभर एकही माणूस दिसला नाही. मासाही दिसला नाही. ओढा रिकामा होता का?

उत्तर: मासे होते. त्यांनी तुम्हाला आधी पाहिलं, एवढंच.

उद्यानात ट्राउट सोडणं १९७०च्या दशकात बंद झालं. आज जे आहे ते तिथेच जन्मलेलं, बगळ्या-पाणमांजरांपासून जीव वाचवत वाढलेलं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. म्हणून मागून, म्हणजे खालच्या अंगाने वर जायचं. भडक कपडे नकोत, उभ्याने डोहाच्या कडेला जायचं नाही, धोंड्याआड गुडघ्यावर बसायचं. सर्वांत जास्त चूक होते ती डोहाच्या शेपटाशी, पाणी उथळ होऊन खाली सांडतं तिथे. त्या जागी एखादा लहान मासा राखण करत असतो. तो पळाला की सरळ डोहाच्या तोंडापर्यंत जातो आणि बाकीचे दगडाखाली गडप होतात. म्हणून पहिली फेक शेपटावर, तीही आणखी एक डोह खाली थांबून. मग मधला भाग, शेवटी पाणी पडतं तिथला फेसाचा काठ.

दुसरी चूक दोरीची. वेगळ्या वेगाच्या दोन-तीन धारांवर दोरी आडवी पडली की ती फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली नकली माशी, ओढते, पाण्यावर बारीक रेघ उमटते आणि मासा वळून जातो. उपाय लांब फेकीत नाही, जवळ जाण्यात आहे. पंधरा-वीस फूट पुरे. रॉडचं टोक उंच धरा म्हणजे दोरी हवेत राहील, पाण्याला फक्त लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाचा बारीक पारदर्शक धागा, लागेल. पहिल्या-दुसऱ्या फेकीला मासा आला नाही तर तिसरीनंतर पुढे सरका. एका डोहावर वीस फेकी करणं म्हणजे तो डोह शांतपणे बिघडवणं.

सामान थोडंच लागतं. सात ते आठ फुटी, ३ किंवा ४ नंबरच्या दोरीसाठी बनवलेला रॉड. साडेसात फुटी लीडर, त्याचं टोक ५एक्स जाडीचं. वर १४ नंबरच्या गळाची तरंगती फ्लाय, पॅराशूट अ‍ॅडम्स किंवा मे-जूनमध्ये पिवळी स्टोनफ्लाय. तिच्या गळाच्या वाकाला दीड फूट बारीक दोरी बांधून खाली १६ नंबरची फेझंट टेल निम्फ, म्हणजे बुडणारी अळीची नक्कल. उन्हाळ्यात मुंगी किंवा भुंगेऱ्याची नक्कल चांगली चालते. मार्चमध्ये पाणी काही दिवस १० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकलं की क्विल गॉर्डन जातीच्या माश्या दुपारी पाण्यातून निघू लागतात. तेव्हा पहाटे जाऊन उपयोग नाही, बारा ते चार ही वेळ पकडा.

मागे फांद्या असतील तर धनुष्यासारखी फेक शिका. रॉडच्या लांबीपेक्षा थोडी कमी दोरी बाहेर ठेवा. फ्लाय चिमटीत अशी धरा की गळाचं टोक बोटांबाहेर राहील. मागे ताणून रॉडचं टोक वाकवा, नेम धरा आणि फ्लाय सोडा. रॉडधरल्या हाताच्या बोटाने दोरी दाबून ठेवायला विसरलात तर दोरी घसरते आणि फ्लाय पायाशी पडते. दोन फ्लाय बांधलेल्या असताना ही फेक करू नका, दुसरी फ्लाय हमखास बोटात घुसते.

अपेक्षाही जरा बदला. साधारण तीन हजार फुटांच्या वर मुख्यतः ब्रूक ट्राउट, आणि सहा-सात इंच ही त्याची नेहमीची लांबी. नऊ इंची म्हणजे मोठा. वीस इंची ब्राउन ट्राउट हवा असेल तर खालच्या मोठ्या पाण्यात जावं लागेल, आणि तिथे माणसं आहेत.

प्रश्न (रॅले): परवाना कुठल्या राज्याचा लागतो? ट्राउटचा वेगळा स्टॅम्प घ्यायचा का? आणि कोळंबीचं आमिष चालतं का?

उत्तर: टेनेसी किंवा नॉर्थ कॅरोलायना, कुठल्याही एका राज्याचा वैध परवाना संपूर्ण उद्यानात चालतो. ट्राउट स्टॅम्प लागत नाही. परवाना उद्यानात विकत मिळत नाही, आधीच ऑनलाइन काढा. मात्र गॅटलिनबर्ग शहरातल्या आणि चेरोकी जमातीच्या हद्दीतल्या पाण्याला त्यांचे वेगळे परवाने लागतात. नदी तीच असते, हद्द बदलते, आणि दंड तिथेच होतो.

कोळंबी चालत नाही. मका, चीज, पाव, सामनची अंडी, वासाचे द्रव, जिवंत वा मेलेलं कुठलंही आमिष बंद आहे. रॉड हातात घेऊन ते ओढ्याकाठी नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे, म्हणून जेवणाच्या डब्यात मक्याचे दाणे नेऊ नका. एकाच टोकाचा गळ असलेली कृत्रिम फ्लाय किंवा लुअर (माशाला भुलवणारं नकली आमिष), माणशी एक रॉड, लीडरवर जास्तीत जास्त दोन फ्लाय. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, वर्षभर. ब्रूक, रेनबो, ब्राउन हे ट्राउट आणि स्मॉलमाउथ बास हा मासा मिळून दिवसाला पाच, प्रत्येक किमान सात इंच. पाच झाले की मासेमारी थांबवायची. आता नुसतं पकडून सोडतो, ही सबब चालत नाही.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. सक्ती नाही, पण मासा पाण्यातच सुटतो.

प्रश्न (नॉक्सव्हिल): वाटेने चढलो तर पुढे आधीच एकजण पाण्यात होता. त्याच्या वर पन्नास पावलांवर उतरलो तर तो चिडला. चूक कुणाची?

उत्तर: तुमची. लहान ओढ्यात माणूस वर सरकत जातो, म्हणजे त्याच्या पुढचं पाणी हे त्याचं पुढच्या दोन तासांचं काम. तुम्ही ते तुडवलंत. थांबून विचारायचं, "कुठपर्यंत जाणार?" तो सांगेल त्याच्या वर उतरायचं. विचारता आलं नाही तर निदान अर्धा मैल सोडा, किंवा त्याच्या मागे, खालच्या तुकड्यात थांबा. गाडीतळावर दोन गाड्या दिसल्या तर पहिला तुकडा सोडून द्यायचा हिशोब तिथेच करा. आणि शेजारून येऊन मिळणारे लहान ओढे विसरू नका. उडी मारून ओलांडता येतील असे असतात म्हणून सगळे पुढे जातात, पण संगमापासून पहिल्या पाव मैलात बऱ्याचदा चांगला ब्रूक ट्राउट असतो.

प्रश्न (ग्रीनव्हिल): आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांना न्यायचंय. डीप क्रीक कसं?

उत्तर: चांगलं, पण उन्हाळ्यात खालच्या भागात रबरी ट्यूबवर तरंगणाऱ्यांची जत्रा असते. ती इंडियन क्रीकच्या संगमापर्यंतच, गाडीतळापासून मैलभरही नाही. त्याच्या वर चला. या वयाच्या मुलांना दोन्ही राज्यांत परवाना लागत नाही. टेनेसीत तेरा, नॉर्थ कॅरोलायनात सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो. फक्त मुलांना दगड रचून बांध घालू देऊ नका. दगड हलवणं बेकायदा आहे. त्याच दगडांखाली हेलबेंडर हा मोठा सॅलामँडर राहतो आणि घालतोही तिथेच अंडी.

प्रश्न (नॅशव्हिल): हेझल क्रीकला दोन रात्री राहायचंय. नियोजन कसं करावं?

उत्तर: रस्ता नाही हेच त्याचं भाग्य. १९४४च्या फोंटाना धरणाने वाट पाण्याखाली गेली, आता मरीना म्हणजे बोटींच्या धक्क्यावरून बोटीने तलाव ओलांडून जायचं. परतीची बोट कोणत्या वेळी, हे जातानाच पक्कं करा. ८६ नंबरचा मुक्कामाचा तळ प्रॉक्टर या उठलेल्या गावापाशी, तलावाजवळच आहे, म्हणून तिथेच गर्दी. बोन व्हॅलीचा ८३ नंबरचा तळ पाच-सहा मैल आत. जुन्या गाडीवाटेवरून चढ फारसा नाही, त्यामुळे काही जण सामान हातगाडीवर नेतात. तळाचं आरक्षण आधी लागतं, माणशी रात्रीला ८ डॉलर. अन्न, टूथपेस्ट, माशाच्या वासाचे कपडे, सगळं तळावरच्या तारेवर टांगा, अस्वलं आहेत. पाणी उकळून किंवा गाळून प्या. हेमंतापासून तलावाची पातळी बरीच खाली नेतात, तेव्हा बोट दूर लागते आणि उतरल्यावर चिखल तुडवावा लागतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरमध्ये ब्राउन ट्राउट अंडी घालतो. ओढ्याच्या तळाशी खड्यांचा घासल्यासारखा स्वच्छ, फिकट ठिपका दिसला तर त्यावर पाय ठेवू नका आणि त्यावर उभ्या माशाला गळ टाकू नका.

प्रश्न (बर्मिंगहॅम): अब्राम्स क्रीकच्या घोड्याच्या नालासारख्या वळणात कुणी जात नाही म्हणतात. जावं का?

उत्तर: पहिल्यांदा जाणाऱ्याने नाही. वाट डोंगर ओलांडून जाते आणि ओढा लांबचा वळसा घेतो. मधून बाहेर पडायला जागा नाही, तळ बर्फासारखा निसरडा. एकदा उतरलात की पूर्ण करूनच बाहेर, आणि अंधारात अडकलेल्यांची यादी मोठी आहे. मासे इतरत्रही आहेत.

प्रश्न (कोलंबिया): जुलैत पाणी कोमट वाटलं. मासे सोडून दिले तर चालतं ना?

उत्तर: खिशात थर्मामीटर ठेवा. २० अंश सेल्सिअसच्या वर ट्राउट झुंजून दमला की सोडल्यावरही मरू शकतो. सकाळी १७-१८ असेल तर अकरापर्यंतच मासेमारी करा, मग उंच जा. हजार फूट चढलात तर पाणी स्पष्ट गार लागेल आणि खाली उरलेली माणसंही राहतील मागे. दुपारच्या वळवाच्या सरीने ओढा पाहता पाहता फुगतो. पाणी गढूळलं किंवा पानं-काटक्या वाहू लागल्या की रॉड आवरा आणि ज्या काठाला वाट आहे त्याच काठाला या, कारण अर्ध्या तासाने ओढा ओलांडता येईलच असं नाही.