ग्रीन कार्ड मिळाल्यावर आई-बाबांना अमेरिकेत कायमचं बोलावता येतं का?

नाही. ग्रीन कार्डवर आय-१३० (नातेवाइकांना कायमचं बोलावण्यासाठीचा) अर्ज फक्त नवरा किंवा बायको आणि अविवाहित मुलांसाठी भरता येतो. त्यातही अर्ज चालू असताना मुलीचं किंवा मुलाचं लग्न झालं, तर तो आपोआप रद्द होतो, म्हणून मुहूर्त काढण्याआधी हे बघा. आई-वडील आणि भावंडांसाठी तुम्ही नागरिक व्हावं लागतं. नागरिकत्वासाठी सहसा ग्रीन कार्ड मिळाल्यापासून ५ वर्षांनी अर्ज करता येतो.

तोवर त्यांना बी-२ व्हिजिटर व्हिसावर आणा. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज त्यांच्या नावाने भरायचा. तुमचं निमंत्रणपत्र सक्तीचं नाही आणि त्याने फारसा फरकही पडत नाही. मुलाखतीत बघतात ते परत येण्याचं कारण: पेन्शन, घर, शेती, इतर मुलं. ‘मुलगा अमेरिकेत काय करतो?’ याचं उत्तर खरं आणि थोडक्यात द्यावं. तुमचं ग्रीन कार्ड लपवलं तर प्रकरण कायमचं अंगाशी येऊ शकतं.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: व्हिसा १० वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत आय-९४ वर (अमेरिकेत प्रवेश करताना होणारी नोंद) असते, बहुतेकदा ६ महिने. उतरल्यावर ती तारीख ऑनलाइन तपासा. मुदत उलटून राहिलं तर व्हिसाच बाद होतो. प्रवासी आरोग्य विमा मात्र घ्याच. जुन्या आजारांबद्दलची अट नीट वाचून.