घर रोज स्वच्छ ठेवतो तरी उंदीर झालेत, न मारता घालवायचा काही घरगुती उपाय आहे का?

सगळ्यात आधी, घर स्वच्छ ठेवतो हे जे तुम्ही माफी मागितल्यासारखं लिहिलंय ना, ते सोडा. उंदीर घाणीमुळे येत नाही, भोकामुळे येतो. हे मी आमच्या नणंदबाईंना कितीतरी वर्षं सांगतेय, त्यांना पटत नाही, म्हणून आता इथे लिहिते.

घरातल्या लहान उंदराला दिवसाला जेमतेम ३ ग्रॅम खाणं लागतं. म्हणजे चिमूटभर शेव. ओटा कितीही पुसा, शेगडीखाली नाहीतर मिक्सरच्या बुडाशी तेवढं मिळतंच, आणि नाही मिळालं तर तो साबणाची वडी कुरतडतो. आत शिरायला साधारण ६ मिलिमीटरची फट पुरते, पेन्सिल जाईल एवढी, एकदा डोकं आत गेलं की बाकीचं अंग जातंच. मग फिनेलने लादी तीनदा पुसून काय होणार? लादी चकाचक होणार आणि उंदीर तिच्यावरून फिरणार.

आमचं झालं असं, आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, सोसायटीत पाइप गॅस आला तेव्हा जोडणीवाल्यांनी बाहेरच्या भिंतीतून स्वयंपाकघरात भोक पाडलं, पाइप अंगठ्याएवढा आणि भोक त्याच्या दुप्पट, उरलेल्या जागेत कसलंसं पांढरं लुकण थापलं आणि गेले. ते पावसाळ्यात गळून पडलं असणार, पण सिंकखालच्या ट्रॉलीच्या मागे बघायला जातंय कोण. भाऊबीजेच्या सकाळी चकलीच्या डब्याचं झाकण कडेने कुरतडलेलं मिळालं, ओट्यावर प्लास्टिकचा बारीक पांढरा किस आणि बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या. आणि नेमक्या मागे नणंदबाई उभ्या. सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, आमच्याकडे नाही बाई कधी उंदीर, आईने आम्हाला रात्री ओटा पुसूनच झोपायची सवय लावलीय. म्हणजे मी काय खरकटं तसंच ठेवून झोपते?

एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या पुलावरून औषधाची पुडी घेऊन आल्या, कणकेच्या गोळ्या करून स्वतःच्या हाताने फ्रीजमागे ठेवल्या, वर मलाच शिकवलं की हे खाल्लं की तहान लागते, उंदीर पाणी प्यायला बाहेर जातो आणि बाहेरच मरतो. आणि त्या गेल्या नाशिकला.

तर कुठलंही औषध उंदराला दाराचा रस्ता दाखवत नाही, हे एकदा डोक्यात पक्कं करा. झिंक फॉस्फाइडने पोटात विषारी वायू तयार होऊन काही तासांत मरतो, त्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या असतात त्यांनी रक्त गोठायचं थांबून चार-पाच दिवसांनी मरतो, पण मरतो तो जिथे लपलाय तिथेच. आमच्याकडे तो मेला उंच कपाटाच्या मागे, भिंतीत ठोकलेल्या. जेवण जाईना असा वास. शेवटी सुतार बोलावून कपाट सोडवलं. आणि फोनवर नणंदबाई काय म्हणतात, वास येणारच, मागून कोणी साफ करत नाही ना!

बरं, एवढं करूनही लेंड्या चालूच. एक मेला तरी भोक उघडंच होतं ना. मग मी माझी अक्कल चालवली. दिवाळीची उरलेली पांढरी रांगोळी रात्री ट्रॉल्यांसमोर काळ्या लादीवर चाळणीने पातळ भुरभुरवली. सकाळी बघते तर इवले इवले पंजे उमटलेले, पुढचे चार बोटांचे, मागचे पाच, मधूनच शेपटीची रेघ, आणि सगळी वर्दळ सिंकखाली. ट्रॉली काढली तर पाइपच्या कडेने बाहेरचा उजेड दिसत होता! त्यात तारेची घासणी दाबून कोंबली, वरून सिमेंट. नुसतं कापड, थर्मोकोल, पुट्टी असलं काही भरू नका, ते कुरतडतात. मग आत अडकलेल्यांसाठी पिंजरा, भिंतीला चिकटून, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो, खोलीच्या मध्ये ठेवून उपयोग नाही. आमिषाला भाजलेलं खोबरं. संपला विषय.

तुम्ही न मारता विचारलंय तर पिंजरा हेच उत्तर, पण सोडायचा तर लांब नेऊन सोडा, समोरच्या मैदानात सोडला तर परत येतो नाहीतर शेजाऱ्यांकडे जातो. कापूर, पुदिना, लवंग यांनी घराला वास छान येतो, बाकी काही नाही. आवाजाने उंदीर पळवतात म्हणून विकतात ते भिंतीत लावायचे प्लग पण घेऊ नका, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच असले प्लग बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून जास्त कंपन्यांना ताकीद दिली होती की दाव्यांना पुरावा पाहिजे. चिकट पॅडवर उंदीर रात्रभर ओरडत राहतो, ते तुम्हालाच बघवणार नाही.

हां, आता कचऱ्याचा संबंध अजिबात नाही असंही नाही. घरगल्लीत कचरा साठला की तिथे उंदीर वाढतात, मुंबईत महापालिका त्यासाठी रात्रपाळीचे मूषक संहारक ठेवते, त्यांना रात्रीला ३० उंदरांचं टार्गेट असतं. पण ती गल्लीची घाण झाली, माझ्या ओट्याची नाही. आणि उशीर करू नका, एक मादी तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं घालते.

तळमजल्यावर असाल आणि माती उकरलेली दिसत असेल तर ती घूस, तिला माझा पिंजरा लहान पडेल. लांब नाकाची, चिकचिक करणारी चिचुंद्री असेल तर राहू द्या, ती झुरळं खाते. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी जंतुनाशकाचं पाणी मारून भिजवा आणि हातमोजे घालून पुसा, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो. घरात लहान मूल नाहीतर कुत्रं-मांजर असेल तर औषध आणूच नका, कोणी कितीही प्रेमाने आणून दिलं तरी.

आणि त्या सुताराचे पैसे आम्हीच भरले.