प्रायमर वाळत नाहीये? थंडीला दोष देण्याआधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय : १४ फुटी अल्युमिनियमची नाव, दोन डब्यांचा (दोन्ही मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, ११ दिवस झाले तरी नख रुततं, हात फिरवला की मेणचट लागतं, आणि दुकानदार म्हणतो, "थंडी आहे, वाळेल हळूहळू." हेच वाक्य ऐकत मी २६ दिवस घालवले, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही ग्वाल्हेरचे. मामेभावाने एका तलावाचा मासेमारीचा ठेका घेतला होता आणि नाव रंगवायचं काम माझ्याकडे होतं. महिना डिसेंबरचा. इथलं धुकं कधी कधी दुपारपर्यंत हटत नाही आणि रात्री पारा ५ अंशांखाली जातो. घासकाम, पुसणं सगळं रीतसर केलं होतं, त्यात शिरत नाही. प्रायमर मारला आणि तो वाळेचना. रंगाच्या कंपनीच्या हेल्पलाइनला चारदा फोन केला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी बॅच नंबर, आणि शेवटी "सर, टेम्परेचर कमी आहे, थांबा." मिसळलं कसं, हे एकानेही विचारलं नाही. पहिल्याच फोनवर तेवढं विचारलं असतं तर भावाचा जवळजवळ महिना वाचला असता. ठेक्याचे पैसे तर त्याने भरलेलेच होते. आजही आठवलं की संताप येतो.

कारण चूक मिसळण्यातच होती. डब्यावर ४:१ लिहिलं होतं, म्हणजे चार भाग बेस (मूळ रंग) आणि एक भाग हार्डनर (त्याला कडक करणारा दुसरा डबा). ते प्रमाण मापाचं, म्हणजे मिलीलिटरचं, वजनाचं नाही. मी वजनकाटा घेतला : ८०० ग्रॅम बेस, २०० ग्रॅम हार्डनर. आमचा बेस जड, लिटरला साधारण १.४ किलो, हार्डनर लिटरला किलोच्या आसपास. म्हणजे बेस भरला ५७० मिली आणि त्याला हार्डनर हवा होता १४३ मिली. मी घातला २००. तब्बल ४० टक्के जास्त. हार्डनर जास्त पडला की लवकर वाळेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. उरलेल्या हार्डनरला जोडी सापडत नाही, तो थरात तसाच मऊ पडून राहतो. मग ऊन दाखवा नाहीतर वर्षभर ठेवा.

थंडीचा दोष नसतोच असं नाही. साधा इपॉक्सी १० अंशांखाली जवळजवळ थांबतोच. पण थंडीने अडलेला थर ऊब मिळाली की पुढे सरकतो, चुकीचा मिसळलेला सरकत नाही. म्हणून आज एवढंच करा : नावेच्या एका कोपऱ्यावर, वीतभर जागेवर, २०० वॅटचा बल्ब हातभर अंतरावरून दिवसभर लावा. पत्रा हाताला कोमट लागला पाहिजे, चटका नको. रंग ताजा असेल तर थिनरची वाफ जाऊ द्या, बल्बजवळ डबे ठेवू नका. दुसऱ्या दिवशी, पत्रा गार झाल्यावर, तिथे नख रुतलं नाही तर थंडीच होती. शेड उबदार करा आणि थांबा. रुतलंच, तर खरवडून काढा. त्याच्यावर दुसरा हात मारून झाकायचा विचारही करू नका. मी मारला होता, तो सालपटांसारखा हातात आला.

मेणचटपणाचं वेगळं. हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर मेणचट थर धरतो. थिनरने पुसलात तर तो फासला जातो. कोमट पाणी आणि स्कॉचब्राइटने धुवा, वाळू द्या, मगच घासा.

काढताना कॉस्टिकवालं पेंट रिमूव्हर वापरू नका, ते अल्युमिनियम खातं. लोखंडी तारेचा ब्रशही नको, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच खड्डे पडायला लागतात. पट्टीने खरवडा, उरलेलं ८० नंबरच्या कागदाने घासा आणि घासल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारा. तोही सकाळी नाही. रात्रभर गारठलेल्या पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारं दव असतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होतं) निदान ३ अंश वर हवं. आमच्याकडे जानेवारीत याचा अर्थ दुपारी १ ते ३.

वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारणार असाल तर थिनरही पीयूचाच घ्या. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये बहुधा अल्कोहोल असतं, ते पीयूचा हार्डनर खाऊन टाकतं आणि पुन्हा हीच रडकथा. पीयू फवारणार असाल तर साधा कापडी मास्क चालणार नाही. त्याच्या हार्डनरने कायमचा दमा जडू शकतो.

आणि कोणी तांब्याचं अँटीफाउलिंग, म्हणजे नावेच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायचा रंग, सुचवलं तर सरळ नाही म्हणा. तांबं अल्युमिनियमला कुरतडतं. शिवाय आपल्या गोड्या पाण्याच्या तलावात त्याची गरजही नाही. इथल्या तिघरा धरणाचं पाणी तर अख्खं शहर पितं, तिथे असलं विषारी लेपण नेणंच चूक.

मी रसायनशास्त्र शिकलेला नाही, हे सगळं एका नावेवर पोळून शिकलोय. तुमच्या रंगाचं प्रमाण वेगळं असू शकतं, काही कंपन्या वजनाचंही देतात, तेव्हा कंपनीच्या डेटाशीटवरचं (माहितीपत्रकावरचं) शब्दन् शब्द बघा. बल्बचं काय झालं ते कळवा, आणि डब्यावरचं प्रमाण किती आणि तुम्ही मोजलंत कशाने, तेही लिहा.