तुमच्या काँग्रेसमनने नेमकं कशाला ‘हो’ म्हटलं?

या सदराकडे हल्ली येणाऱ्या पत्रांत एक तक्रार सारखी डोकावते. आपला लोकप्रतिनिधी नागरी स्वातंत्र्यावर भाषणं छान ठोकतो, मत मात्र भलतीकडेच देतो, मग त्याला जाब कसा विचारायचा? त्यातली काही पत्रं आज घेतली आहेत. मी अमेरिकन काँग्रेसच्या (इथल्या संसदेच्या) एका सदस्याच्या कार्यालयात टपाल वाचायचं काम केलेलं आहे, त्यामुळे टेबलाची पलीकडची बाजूही थोडीफार ठाऊक आहे.

आमचे काँग्रेसमन सरकारी पाळतीविरुद्ध तावातावाने बोलतात. पण एप्रिल २०२४ मध्ये कलम ७०२ला मुदतवाढ देणाऱ्या विधेयकाला त्यांनीच ‘हो’ म्हटलं. फोन केला तर कार्यालयातला मुलगा म्हणतो, “त्यात ५६ सुधारणा होत्या.” आता काय बोलावं? (सान होजे)

५६ हा आकडा त्याने मनाने काढलेला नाही, विधेयकाचे समर्थक तेव्हा तोच घोकत होते. तुम्ही त्याला सत्तावन्नाव्या सुधारणेबद्दल विचारा.

आधी कलम ७०२ काय आहे ते पाहू. अमेरिकेबाहेरच्या परकीय व्यक्तींचे ईमेल, फोन, संदेश गुप्तचर संस्थांनी प्रत्येकासाठी वेगळं वॉरंट न घेता गोळा करावेत, अशी मुभा २००८च्या कायद्याने दिली. लक्ष्य परदेशी असतं, पण संभाषण कधी एकट्याचं नसतं. पुण्यातला एखादा संशोधक किंवा व्यापारी लक्ष्य असेल, तर त्याच्याशी तुम्ही केलेला पत्रव्यवहारही त्या साठ्यात जाऊन बसतो. पुढे एफबीआय त्याच साठ्यात तुमच्या नावाने शोध घेऊ शकते, वॉरंटशिवाय. ज्यांचं निम्मं गणगोत समुद्रापार आहे अशा आपल्यासारख्यांनी हे कलम दुसऱ्यांसाठी आहे असं समजू नये.

१२ एप्रिल २०२४ला हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, अ‍ॅरिझोनाचे रिपब्लिकन अँडी बिग्ज यांची दुरुस्ती मताला आली. हीच ती सत्तावन्नावी. अमेरिकन माणसाच्या नावाने शोध घ्यायचा तर आधी वॉरंट घ्या, एवढंच तिचं म्हणणं. निकाल लागला २१२ विरुद्ध २१२. हाउसच्या नियमांनुसार बरोबरी म्हणजे पराभव. बाजूने १२८ रिपब्लिकन आणि ८४ डेमोक्रॅट, विरोधात ८६ रिपब्लिकन आणि १२६ डेमोक्रॅट. हाउसचे अध्यक्ष (स्पीकर) सहसा मत देत नाहीत, पण तेव्हाचे अध्यक्ष माइक जॉन्सन यांनी दिलं, आणि ‘नाही’ असं दिलं. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर दुरुस्ती पार पडली असती. त्यानंतर मूळ विधेयक २७३ विरुद्ध १४७ने मंजूर झालं.

म्हणून २७३च्या यादीत तुमच्या काँग्रेसमनचं नाव आहे की नाही यावर फार डोकेफोड करू नका. २१२च्या कुठल्या रांगेत ते उभे होते ते बघा. हाउसच्या क्लार्कच्या संकेतस्थळावर तारखेनुसार प्रत्येक रोल कॉल, म्हणजे कुणी कसं मत दिलं याची नोंद, नावानिशी मिळतो. दुरुस्तीला ‘नाही’ आणि विधेयकाला ‘हो’ म्हणणाऱ्याला ५६ सुधारणांची ढाल लागू पडत नाही. वॉरंटची अट त्याला नकोच होती, हे त्याने स्वतःच्या मताने सांगितलेलं आहे.

दोन्हीला ‘हो’ म्हणणाऱ्यांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. याचं गाजलेलं उदाहरण २००८ सालचं. हेरगिरीला मदत करणाऱ्या दूरध्वनी कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण देणारं विधेयक आलं तर ते रोखून धरायला साथ देऊ, असं सिनेटर ओबामांनी प्रचारात सांगितलं होतं. जुलै २००८ मध्ये ते संरक्षण काढून टाकणाऱ्या दुरुस्तीला त्यांनी ‘हो’ म्हटलं. ती ३२ विरुद्ध ६६ने पडली. आणि त्याच दिवशी, संरक्षण जसंच्या तसं असलेल्या विधेयकालाही ‘हो’ म्हटलं. म्हणजे पडणाऱ्या दुरुस्तीमागे उभं राहून नाव राखलं आणि कायदाही होऊ दिला. माझ्या मते ही टीकेला पात्र गोष्ट आहे, पण दुरुस्तीला विरोध करणाऱ्याइतकी कडक टीका मी इथे करणार नाही.

ओलिसांना करातून दिलासा देणाऱ्या विधेयकाला मत दिलं म्हणून एक संस्था आमच्या प्रतिनिधीवर तुटून पडली आहे. ओलिसांचा दंड माफ करण्यात वाईट ते काय? (अटलांटा)

त्यात काहीच वाईट नाही. म्हणून तर ते नावात होतं. परदेशात डांबून ठेवलेल्या अमेरिकनांना कर उशिरा भरल्याचा दंड लागू नये, हा एचआर ९४९५ या विधेयकाचा एक भाग. दुसऱ्या भागाने अर्थमंत्र्याला असा अधिकार मिळणार होता की कुठल्याही ना-नफा संस्थेला ‘दहशतवादाला पाठबळ देणारी’ ठरवून तिची करसवलत काढून घ्यावी. आधी न्यायालयात काही सिद्ध करायची गरज नाही.

१२ नोव्हेंबर २०२४ला ते झटपट मार्गाने आणलं गेलं. या मार्गात चर्चा ४० मिनिटं, दुरुस्त्या नाहीत, पण दोन तृतीयांश मतं लागतात. २५६ विरुद्ध १४५, म्हणजे थोडक्यात पडलं. बाजूने ५२ डेमोक्रॅट होते. २१ तारखेला साध्या बहुमतावर परत आणलं आणि २१९ विरुद्ध १८४ने मंजूर झालं, पण बाजूचे डेमोक्रॅट उरले १५. विधेयक तेच. मधल्या नऊ दिवसांत संस्थांनी आणि मतदारांनी फोन करकरून कार्यालयं हैराण केली होती. पुढे सिनेटने ते हाती घेतलं नाही आणि कायदा झाला नाही.

तुमचे प्रतिनिधी ५२ मध्ये होते आणि १५ मध्ये नव्हते, तर माझं मत असं की त्यांचे आभार माना आणि पुढे चला. ऐकून मत बदलणाऱ्याला झोडपत राहिलं तर पुढच्या वेळी तो कशाला ऐकेल? दोन्ही याद्यांत असतील तर खुशाल विचारा.

पेट्रियट अ‍ॅक्टला २००१ मध्ये ‘हो’ म्हणणारे आमचे प्रतिनिधी अजून पदावर आहेत. इतकं जुनं मत उकरावं का? (न्यू जर्सी)

एकट्या त्या मतावर मी कुणाला सुळावर चढवणार नाही. सरकारचे पाळतीचे अधिकार वाढवणारा हा कायदा आला तेव्हा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना सहा आठवडे झाले होते. न्यायविषयक समितीने ३६ विरुद्ध शून्य, म्हणजे एकमताने, एक संयत मसुदा तयार केला होता. तो बाजूला ठेवून सभागृहापुढे वेगळाच आला. अंतिम विधेयक २३ ऑक्टोबरला मांडलं, २४ला ३५७ विरुद्ध ६६ने मंजूर. इतकं जाडजूड बाड एका रात्रीत कोण वाचणार? सिनेटमध्ये विस्कॉन्सिनचे रस फाइनगोल्ड एकटेच विरोधात गेले. त्या वातावरणात असं करणाऱ्याचं कौतुक जरूर करा, पण न करणारे सगळे खलनायक ठरत नाहीत.

मी नंतरचं बघतो, भीती ओसरल्यावरचं. त्यासाठी तीन मतं ओळीने ठेवा. मासी आणि लोफग्रेन या दोघांनी, एक केंटकीचे रिपब्लिकन आणि दुसऱ्या सान होजेच्या डेमोक्रॅट, वॉरंटशिवाय अमेरिकनांच्या नावाने शोध घेण्यावर पैसे खर्च करायला मनाई करणारी दुरुस्ती आणली. जून २०१४ मध्ये ती २९३ विरुद्ध १२३ने मंजूर झाली. जून २०१५ मध्ये २५५ विरुद्ध १७४. दोन्ही वर्षी अंतिम खर्च विधेयकातून ती गुपचूप गळाली. १६ जून २०१६ला पुन्हा आली तेव्हा १९८ विरुद्ध २२२ने पडली. चारच दिवस आधी ऑरलँडोतल्या नाइटक्लबात गोळीबार होऊन ४९ जण मेले होते.

२०१४ला ‘हो’ आणि २०१६ला ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या यादीत तुमचे प्रतिनिधी सापडले, तर तुमच्याकडे २००१पेक्षा कितीतरी जास्त बोलकी गोष्ट आहे. त्यांना विचारा की दोन वर्षांत दुरुस्तीत काय बदललं होतं.

मी पत्र लिहिलं : “आपण राज्यघटना पायदळी तुडवली आहे, इतिहास आपल्याला क्षमा करणार नाही.” तीन आठवड्यांनी छापील उत्तर आलं. लक्ष वेधून घेणारं पत्र कसं लिहावं? (शिकागो)

तुमचं पत्र विशीतल्या एखाद्या कर्मचाऱ्याने उघडलं, ‘पाळत, विरोधात’ असा शिक्का मारला आणि त्या विषयाचं तयार उत्तर धाडलं. त्याचा दोष नाही. उत्तर द्यावं असं त्यात काही नव्हतंच.

तेच पत्र असं लिहून बघा : “मी आपल्या मतदारसंघात राहतो, पत्ता खाली आहे. १२ एप्रिल २०२४ रोजी वॉरंटची अट घालणाऱ्या बिग्ज दुरुस्तीला आपण विरोध केलात. दुरुस्ती एका मताने हुकली. अमेरिकन नागरिकाच्या नावाने शोध घेण्याआधी न्यायाधीशाची परवानगी नको, असं आपलं मत आहे का? असल्यास कारण कळवावं.” याला तयार उत्तर चालत नाही. त्या कर्मचाऱ्याला वरच्याला विचारावं लागतं, वरच्याला त्या विषयाच्या सहायकाला. एक मत, एक तारीख, एकच प्रश्न. दुसरा प्रश्न घातलात की ते सोप्या प्रश्नाचं उत्तर देतात, हे मी स्वतः केलेलं आहे. हाच मजकूर थोडा फिरवून स्थानिक वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रांत दिलेत तर आणखी बरं. तिथे आपलं नाव आलं की कार्यालयात कात्रण फिरतं.

बदनामीचा दावा होईल का, असंही तुम्ही विचारलं आहे. खऱ्या मताची खरी तारीख लिहिण्याने काही होत नाही. सार्वजनिक पदावरच्या माणसाला तर १९६४च्या सलिव्हन निकालानंतर, लिहिणाऱ्याला खोटं माहीत होतं किंवा त्याने खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही, हे सिद्ध करावं लागतं.

मी एच-१बीवर आहे. टीका करायचा हक्क मला आहे का? (डॅलस)

आहे. देशात राहणाऱ्या परकीयांनाही भाषणस्वातंत्र्य लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्येच म्हटलंय, आणि प्रतिनिधी तुमच्या वस्तीचाही प्रतिनिधी आहे. मात्र निवडणुकीसाठी एक डॉलरही देऊ नका. ते ग्रीन कार्डवाल्यांना चालतं, तुम्हाला नाही. २०२५पासूनच्या वातावरणात व्हिसावरचे लोक दबकून आहेत, आणि ती भीती हवेतून आलेली नाही. किती उघडपणे लिहायचं ते तुम्हीच ठरवा. शंका असेल तर आधी वकिलाशी बोला.

मंडळाच्या दिवाळी अंकात आमच्या काँग्रेसवुमनच्या मतांवर लेख छापायचा आहे. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत असलेली ना-नफा संस्था आहे. (डेट्रॉइट परिसर)

मतांची चिकित्सा चालेल. ‘म्हणून नोव्हेंबरमध्ये यांना घरी बसवा’ हे वाक्य चालणार नाही. १९५४पासून अशा संस्थांना उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात प्रचार करायला बंदी आहे. निवडणुकीच्या तोंडावर तर लेखच नको, खजिनदाराची झोप उडेल.

आपले श्री ठाणेदार काँग्रेसमध्ये आहेत. आपल्याच माणसाच्या मतांवर मराठी माणसाने टीका करावी का? (बे एरिया)

बेळगावात वाढलेला माणूस मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून २०२२ मध्ये निवडून येतो, याचं कौतुक मलाही आहे. पण मतांची यादी काढताना आडनाव झाकून ठेवा आणि मग वाचा. जे दुसऱ्याला विचाराल तेच त्यांना विचारा. फक्त तुम्ही बे एरियात राहता. त्यांच्या कार्यालयात तुमच्या पत्राचा पिन कोड आधी बघतील आणि ते तुमच्या स्वतःच्या प्रतिनिधीकडे पाठवायला सांगतील. तुमच्या प्रतिनिधीचं नाव तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही.

इथल्या खासदारांचं असं रेकॉर्ड का मिळत नाही? (डोंबिवली, भाऊ न्यू जर्सीत)

१९८५च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप झुगारला तर खासदारकीच जाते, त्यामुळे मत पक्षाचं असतं. शिवाय बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत जनसुरक्षा विधेयक असंच मंजूर झालं, त्यामुळे तुमच्या आमदाराचं नाव कुठल्याही यादीत सापडणार नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याची दुरुस्ती मात्र २०१९ मध्ये लोकसभेत मतविभाजनाने झाली होती, २८७ विरुद्ध ८. आवाजी मतदानावर भागवलं की नावं राहत नाहीत. सदस्याने मतविभाजन मागितलं तर राहतात. तुमच्या आमदाराला, खासदाराला एवढंच विचारा की तुम्ही ते मागितलं होतं का.